मुठीतला घास
मटण आणि उकडलेल्या पातळ पोळ्यांच्या बेशबरमाकचं ताट संपत आलं, तसे मामंजी बाह्या सरसावून रिवाजाप्रमाणे उरलेलं मटण मुठीमुठीने धाकट्यांना भरवू लागले. सुनेला, कुनसुलूला, मात्र त्यांनी हळूच वगळलं. नणंदेच्या लग्नात त्यांचा घास तिने साऱ्या पाहुण्यांसमोर ओकला होता. मधुमेहासाठी दर शुक्रवारी घ्यायच्या इंजेक्शनामुळे तिला मटणाचा वासही सोसत नव्हता. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी इंजेक्शन बदललं, आणि आज तिने रस्सा चक्क मागून घेतला होता. "मामंजी, मी काय शेजाऱ्यांची सून आहे?" म्हाताऱ्याने आनंदाने मूठ गच्च भरली. "अहो, जरा दमानं!" सासूबाई ओरडल्या. "नवं औषधसुद्धा डॉक्टरांनी थोड्यापासूनच सुरू केलंय." मामंजींनी मूठ ताटात रिकामी केली आणि चिमटीभर मटण उचललं. "आज चिमूट, पोरी! नवरोजच्या सणापर्यंत मुठीवर येऊ." कुनसुलूने घास गिळला आणि लगेच पुन्हा तोंड उघडलं.