बिनआवाजाची डिस्क

“दादा, बाबा गेल्यापासून यातून त्यांच्या खोकल्याचा आवाज येतो,” दुकानात आलेल्या ताई लॅपटॉप टेबलावर ठेवत म्हणाल्या.

मला हसू आलं. दुरुस्तीच्या धंद्यात माझे केस काही उगाच पांढरे झालेले नाहीत.

“ताई, जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरायच्या, म्हणून ती कुरकुरायची. यात एसएसडी आहे. आत नुसत्या चिप्स, हलणारं काहीच नाही.”

मी लॅपटॉप उघडून ती डिस्क बाहेर काढली. हार्ड डिस्क कानाला लावून तिचं दुखणं ओळखायची माझी जुनी खोड. सवयीने हीसुद्धा कानाला लावली.

“बघा, अगदी चिडीचूप!” मी म्हणालो.

ताई दोन पावलं मागे सरकल्या.

“मग मघापासून तुम्ही ‘हो बाबा, सांगतो तिला’ असं कुणाला म्हणताय?”