रवंथ

व्हॉट्सॲपवरच्या प्राण्यांच्या मीममध्ये सत्ता कशी दिसते, यावर मी वर्षभर राबून निबंध लिहिला. अमरावतीचे आमचे गाईड देवीदास सर म्हणाले, “सबीहा, तुले कोन ओयखते? अकोल्याच्या सेमिनारात मीच वाचतो, माह्या नावानं.”

आधी एकदा नजर टाकायचेही कष्ट त्यांनी घेतले नाहीत. लाल काड्यांचा चष्मा सावरत थेट स्टेजवरच वाचू लागले, “रस्ता अडवून बसलेली ही म्हैस म्हणजे प्रस्थापित सत्ता. चारा दुसऱ्याचा, रवंथ हिचा.”

सभागृह हसायला लागलं. दाद मिळतेय असं वाटून सरांनी तेच वाक्य पुन्हा वाचलं, आणखी जोरात. मग मागे वळून पडद्याकडे पाहिलं.



पडद्यावरचं ते म्हशीचं मीमही मीच बनवलं होतं. म्हशीच्या डोळ्यांवरचा चष्मा तेवढा सरांचा होता.