आडोसा

माळरानावर गवताच्या एका बुंध्याशी चंडोलाची मादी तीन अंड्यांवर बसली होती. फोटोग्राफरला ती नीट दिसेना, म्हणून तो समोरचं गवत कात्रीने कापायला लागला.

"अहो, तेवढाच आडोसा आहे तिला," बायको म्हणाली.

"जरा वेळाचं तर काम आहे. निघताना काटक्या लावून झाकून टाकू."

फोटो अप्रतिम निघाला. त्या आनंदात झाकायचं दोघांच्याही डोक्यातून गेलं.

दुसऱ्या दिवशी बायकोला चैन पडेना. ती एकटीच माळावर जाऊन आली. फुटक्या टरफलांना मुंग्या लागल्या होत्या आणि मादीची पिसं वाऱ्यावर भुरभुरत होती. तिने घरी येऊन सांगितलं, तेव्हा तो तोच फोटो स्पर्धेला पाठवत होता.

"एखाद्या ससाण्याचं काम असणार," तो म्हणाला. मान काही वर केली नाही.

फोटोला पक्षी संवर्धनाचं पहिलं बक्षीस मिळालं. समारंभात परीक्षक बाईंनी त्याचं तोंडभरून कौतुक केलं आणि माइक बायकोपुढे धरला. "तुम्हीही सोबत होतात ना? मग पिल्लं निघाली का हो?"

सगळं सभागृह कान टवकारून बसलं. नवरा ट्रॉफी पोटाशी धरून खाली बघत होता.



"तिन्ही उडाली," ती हसून म्हणाली, आणि फोटोला पडल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या पडल्या.