गवत बंद, सावल्या बंद

रेकॉर्डिंगआधी मी सीपीयूचं झाकण काढते आणि टेबलफॅन त्याच्याकडे वळवते. बारा वर्षं जुना आहे, लवकर तापतो. मग डोंगरात ट्रक चालवायचा माझा गेम उघडते आणि जुन्या मशीनला न झेपणारं एकेक दृश्य सेटिंगमधून काढत माइकवर सांगते, "नमस्कार. गवत बंद, सावल्या बंद, धुकं बंद. आता चालेल." आणि चालतो. माझे व्हिडिओ दोनेकशे लोक बघतात.

वाढदिवसाला नवऱ्यानं नवा कॉम्प्युटर आणला. त्या रविवारी मी सगळं चालू ठेवून खेळले. तीन वर्षं ज्या उजाड डोंगरावर मी ट्रक चढवत होते, तिथे गुडघाभर गवत होतं. ट्रक थांबवून मी नुसती बघत बसले. व्हिडिओ मोठ्या कौतुकानं टाकला.

खाली एकच कॉमेंट आली, नेहमी लिहिणाऱ्या बार्शीच्या बाईंची. "ताई, फार सुंदर दिसतंय. माझा कॉम्प्युटर तुमच्या जुन्यासारखाच आहे. तुम्ही जे जे बंद करायचात, ते बंद करून मी खेळायचे. आता जुने व्हिडिओ तेवढे काढून टाकू नका."

पुढच्या रविवारी मी माळ्यावरून जुना सीपीयू उतरवला.

"नवा बिघडला का?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही. त्याच्यावर सगळं चालतं."

"मग?"

"म्हणूनच."

मी झाकण काढलं, टेबलफॅन वळवला आणि माइक जवळ ओढला. "नमस्कार. गवत बंद, सावल्या बंद."