शून्य कुठे धरलं

ज्वालामुखीतून गंधकाचा वायू किती निघतोय, ते मोजायला ती गाडीतून धुराखालून चालली होती. टपावरचं यंत्र आकाशाकडे डोळा लावून होतं आणि आकडे समोरच्या पडद्यावर उमटत होते.

"मॅडम, डोंगर एवढा धूर ओकतोय आणि हे शून्यच दाखवतंय," ड्रायव्हरकाका म्हणाले. "बिघडलं वाटतं."

"यंत्र ठीक आहे. चूक माझी. निघताना त्याला आधी स्वच्छ आकाश दाखवायचं असतं, तेच ते शून्य धरतं. मी रोजच्यासारखं ऑफिसच्या फाटकाशी दाखवलं. आज वारा फिरलाय, धूर तिथेही होता. मी मान वर करून पाहिलंच नाही."

"मग?"

"मग त्याला वाटतं, आकाश असंच असतं."

"म्हणजे डोक्यावर एवढा धूर, आणि याला पत्ताच नाही!" काकांनी हसत गाडी वळवली.

तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन आला.

"ताई, आवाज असा का येतोय तुझा? भावोजींनी पुन्हा हात उचलला?"

"हो, सकाळी. नेहमीचंच गं. विशेष काही नाही."

बहीण हळूच म्हणाली, "विशेष काही नाही?"

तिने फोन मांडीवर ठेवला. पडद्यावर अजून शून्यच होतं.

"मॅडम, स्वच्छ आकाशासाठी किती मागे जायचं?"

"जात राहा, काका," ती म्हणाली. "बरंच मागे जावं लागेल."