खांद्यावरचा हात

अण्णांच्या तेराव्याला भिंतीवर लावायला त्यांचा एकट्याचा एकही फोटो सापडेना. म्हणून उज्ज्वलाने आई-अण्णांच्या जोडीच्या फोटोतून आईला काढून टाकलं. अण्णांच्या खांद्यावर आईचा हात तेवढा उरला, तोही तिने बोटाने पुसला. चहा उकळेपर्यंत काम झालं, म्हणून ती खूशही झाली होती.

फोटो बदलायचं सॉफ्टवेअर घेताना दुकानदाराने बजावलं होतं, "ताई, नवीन आहात, तर हे अवघडच घ्या. बदल नुसता फोटोत करायचा की फोटोतल्या माणसांच्या आठवणीतही, हे ते आधी विचारतं. सोपंवालं न विचारताच दोन्हीकडे बदल करतं, आणि त्यात केलेलं मागे घेता येत नाही."

उज्ज्वलाला शिकायचा कंटाळा आला. तिने सोपंच घेतलं.

तेराव्याच्या सकाळी तिने आईच्या हातात हार दिला. आई फोटोसमोर थबकली.

"कोण गं हे?"



"चेहरा मायाळू आहे," आई हार घालत म्हणाली. "लग्न नव्हतं का झालं यांचं?"

उज्ज्वलाने मान खाली घातली.

आई अजून फोटोकडेच बघत होती. "मग हे असे कुणाकडे झुकून उभे आहेत?"