दोन्ही हात काचेवर

"सिंधे, म्या दाबलं का तू ओढाचं. आधी ओढशील तं तेच दोरी तुह्या गळ्यात बांधीन."

चंद्रभान बंपरवर चढून बॉनेटवर पालथा पडला होता. लँडमास्टर मोटारीची समोरची नवी काच त्याने दोन्ही तळव्यांनी चौकटीवर दाबून धरली होती. बायको आत, स्टिअरिंगमागे. काचेभोवती नवं रबर, रबराच्या खाचेत साबणाच्या पाण्यात भिजवलेली दोरी, आणि दोरीचं टोक सिंधूच्या हातात. बाहेरून दाबायचं, आतून ओढायचं. दोरी सरकते तशी रबराची कड पत्र्यावर चढत जाते. पुरती चढेपर्यंत बाहेरच्याने हात काढायचा नाही. काढला की काच गेली.

हे काम मिस्त्रीचं. पण अख्ख्या वाडीत एक मिस्त्री या फाटकात पाय ठेवायला तयार नव्हता. नत्थू मिस्त्रीच्या कानशिलात मागे याने अशी ठेवून दिली होती की त्याला अजून त्या कानाने ऐकू येत नाही. मग उरलं कोण? घरची बाई. तिला काय, सवय असते.

जुनी काचही यानेच फोडली. दोन महिन्यांपूर्वी कुंदाने, त्याच्या पोरीने, अमरावतीला नर्सिंग शिकायला जायचा फॉर्म सहीसाठी पुढे केला. चंद्रभानच्या हातात टायर काढायची लोखंडी टॉमी होती. तीच त्याने फेकून मारली. पोरीच्या कानाजवळून गेली ती थेट काचेत. मग हा माणूस बॉनेटवर डोकं ठेवून रडला. काचेसाठी हो! कुंदा तिथेच भिंतीला टेकून लटलट कापत होती, तिच्याकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही. काच कलकत्त्याहून मागवली. पोरीला सांगून ठेवलं, फाटकाबाहेर पाऊल टाकलंस तर तंगडी तोडीन. आणि तो नुसता बोलणारा नव्हता.

दोरी खालच्या कडेने सरकली, डावा कोपरा वळली, वर चढली. सिंधूचा हात चांगला चालत होता. वरच्या कडेच्या मधोमध येऊन ती थांबली.

"काहून थांबली वं?"

"अडकली जी."

"अडकली? हात मोडले का तुहे? ओढ!"

सिंधूने ओढलं नाही. ती त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहत होती. मग चंद्रभानलाही दिसलं, समोरच्या काचेतच दिसलं. त्याच्या पाठीमागचं फाटक, फाटकापलीकडचा अमरावती रोड, आणि रोड ओलांडणारी कुंदा. हातात पत्र्याची पेटी. घराच्या मागच्या दाराने निघून, गल्लीतून वळसा घालून पोट्टी बसच्या थांब्यावर पोचली होती.

तो असा ओरडला की बाजूच्या गोडाऊनमधले हमाल पोती टाकून बाहेर आले. सिंधूच्या आईपासून आजीपर्यंत सगळ्यांचा उद्धार झाला. टॉमी खाली चाकाशी पडली होती. त्याने उजवा तळवा उचलला. काच उजवीकडून सुटली आणि बोटभर बाहेर आली. तळवा आपोआप परत काचेवर गेला.

"फारमवर सही म्या केली," सिंधू म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण कापत होता. "जा, आणा तिले. सोडा काच आन् जा."

"तुह्यासकट जाळून टाकीन हे गाडी. ओढ दोरी!"

"सोडा ना."

वीस वर्षांच्या संसारात या माणसाचे दोन्ही हात एकदम गुंतलेले तिने पहिल्यांदा पाहिले. भीती वाटत होती तिला, का नाही वाटणार? पण दोरी तिने मनगटाला दोन वेढे देऊन धरून ठेवली होती.

बस आली. काचेत आधी पेटी वर चढली, मग पोट्टी. चंद्रभानने ओठ असा चावला की हनुवटीवर रक्त उतरलं. तळवे मात्र हलले नाहीत. बस निघाली, पुढच्या वळणावर तिचा हॉर्न वाजला, आणि मग रोडवर नुसती धूळ राहिली.

तेव्हा सिंधूने दोरी ओढली. उरलेली वरची कड, उजवी बाजू, खालचा कोपरा, सगळं एका दमात. काच अशी बसली की नत्थू मिस्त्रीनेही मान डोलावली असती.

हात मोकळे होताच चंद्रभानने खाली उडी टाकली, टॉमी उचलली आणि दाराला झोंबला. दार आतून बंद. चारही दारं तिने आधीच लावून घेतली होती. मग तो समोर आला आणि टॉमी डोक्यावर उगारून उभा राहिला. आत सिंधू. मध्ये कलकत्त्याची काच. टॉमी खाली येईना. हमाल फाटकाशी जमले होते, पण आत कोणी येत नव्हतं.

सिंधूने दोरी नीट गुंडाळून शेजारच्या सीटवर ठेवली. पदर खोचला. दाराची खिट्टी काढली आणि स्वतःच उतरून त्याच्या पुढ्यात उभी राहिली.

"मारा आता," ती म्हणाली. "पण पोरीले म्या नाही जाऊ देलं. तुमी काच धरली."

चंद्रभानने काचेकडे पाहिलं. साबणाच्या फेसात त्याचे दोन्ही पंजे उमटले होते, दहाही बोटं.